मोकाट गडी

लष्कर लीगची जमाखर्चाची वही माझ्याकडे होती,
म्हणून सांगतो; नाहीतर हॉकीतलं मला काय कळायचं.
त्या साली ग्वाल्हेरात पहिल्यांदा
खेळायचे पैसे मिळू लागले.
लष्करची लीग वेगळी, मुरारची वेगळी.
रात्री टांगा पाठवून एकमेकांचे गडी फोडायचे
आणि सकाळी फूलबागेपाशी भेटले तर रामराम नाही.
शेवटी कुणीतरी चांदीचा कप आणला
आणि पाच सामने ठरले.

भांडण एकाच गोष्टीवर.
मुरारकर अकरा गडी खेळवत, पलटणीच्या शिस्तीत,
जो तो आपल्या खुंट्याला.
आमच्याकडे बारा.
बारावा तो मोकाट.
त्याला जागा नाही. पुढे जा, मागे ये,
जिथे भोक पडेल तिथे ठिगळ हो.
तडजोड अशी निघाली:
एक दिवस आमचा कायदा, एक दिवस त्यांचा.

आमचा मोकाट त्र्यंबक इंगळे.
बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा,
तळहात बारमाही पांढुरके, सुरकुतलेले.
वहीत अजून आहे:
सामना पहिला. इंगळे, रुपये दोन.
सामना दुसरा. इंगळे, निरंक.
सामना तिसरा. इंगळे, रुपये दोन, शिवाय दूध दोन आणे.
सामना चौथा. निरंक.
निरंकाच्या दिवशी तो रेषेबाहेर उकिडवा बसायचा,
स्टिक मांडीवर आडवी,
चेंडू जाईल तिकडे मान,
पायाचे अंगठे मातीत चालूच.
मी एकदा म्हटलं, बसायचेही पैसे मागून बघ.
म्हणाला, मुनीमजी, आज मी आहेच कुठे?

दोन त्यांचे झाले, दोन आमचे.
पाचवा कुणाच्या कायद्याने, यावर
सादिक मास्तरांच्या ओट्यावर तीन रात्री कंदील जळला.
चौथ्या रात्री मास्तरच खोकत आत गेले.

मानमोडी म्हणत तिला.
आमचे पाच गडी अंथरुणात, मुरारचे सात.
त्यांचा गोलकीपर मॅथ्यूज गुरुवारी गेला.
शनिवारी आमचा विसाजी.
मैदानावर गाढवं चरत होती,
कप माझ्या ट्रंकेत, जुन्या धोतरात गुंडाळलेला.

इंगळेने हातगाडी काढली.
गोणपाट, भुसा, आत लादी.
कंपूतून जनकगंज, तिथून नदीपार मुरार,
उलटा हजिऱ्याला.
ज्या घरातून कण्हणं येई तिथे गाडी थांबे,
सुरीने ढलपी काढून फडक्यात, फडकं कपाळावर.
मागे रस्त्यावर पाण्याची रेघ राही,
मैदानावर आम्हाला कधी आखता आली नाही इतकी सरळ,
आणि ऊन तिला मागून पुसत येई.

एका दुपारी दारात उभा. म्हणाला,
मुरारच्या कप्तानाकडे एक भांडं धड नाही,
तो कप द्या.
मी म्हटलं, अजून ठरायचंय कुणाचा.
तो काही बोलला नाही.
भुसा दंडाला चिकटलेला, तसाच उभा.
मी ट्रंक उघडली.

कप परत आला तेव्हा तळाशी
घोटभर पाणी होतं आणि भुश्याचा एक कण.
कप्तान वाचला. पुढे कधीतरी रामरामही घातला.

मग दोन्ही लीगा बसल्या, उरले होते तेवढे.
बर्फाचं बिल एकवीस रुपये सात आणे.
आम्ही म्हणालो मुरारने द्यावं,
मुरार म्हणाले लष्करने.
कारखान्याने इंगळेच्या पगारातून कापलं.

पाचवा सामना झाला नाही.
पण वहीत त्याचं पान आहे.
सामना पाचवा. इंगळे,
आणि पुढे टाक उचलून मी बराच वेळ बसलो होतो.
रुपये दोन लिहावे तर कायदा आमचा ठरतो,
निरंक लिहावं तर त्यांचा.
शाईचा एक थेंब पडला आहे तिथे.
हिशेब तपासणाऱ्याने तो आकडा समजू नये.